छोट्या लेथचे संगणकीकरण: एका आक्षेपाचा प्रतिवाद

टेबलावर मावणाऱ्या छोट्या लेथला मोटारी आणि संगणक जोडून तो आज्ञावलीवर चालता करणे म्हणजे वेळेचा आणि पैशाचा अपव्यय होय, हे मत यंत्रकामाच्या क्षेत्रात इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत तयार सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित, यंत्रे चालत असताना आणि मिहान प्रकल्पात विमानांचे सुटे भाग तयार होत असताना, घराच्या मागच्या खोलीत चाळीस-पन्नास किलोच्या लेथवर कोणी महिनोन्महिने खपावे यात शहाणपण नाही, असा या मताचा रोख असतो. असा लेथ अचूक होत नाही, एखाद-दुसऱ्या जॉबसाठी तो हाताच्या लेथपेक्षा संथ ठरतो, नागपूरच्या हवेत त्याची इलेक्ट्रॉनिक अंगे टिकत नाहीत आणि या साऱ्यात हातची कला तेवढी जाते, असे त्याचे समर्थन केले जाते. यांतील काही विधाने अंशतः खरी आहेत आणि ती कोठवर खरी आहेत हे पुढे येईलच. परंतु त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि ज्या शहरात टर्नर, फिटर आणि अभियंते दरवर्षी मोठ्या संख्येने शिकून बाहेर पडतात त्या शहराचे तो नुकसान करतो.

लेथवर जॉब, म्हणजे ज्याच्यावर काम करायचे तो धातूचा तुकडा, चकमध्ये पकडून फिरवला जातो आणि कापणारे टूल त्याच्यालगत दोन दिशांनी सरकते: बेडच्या लांबीला समांतर जाणारी चाल कॅरेजची, आणि तिला काटकोनात जॉबच्या मध्याकडे जाणारी चाल क्रॉस स्लाइडची. हाताच्या लेथवर या दोन्ही चाली कारागीर चाके फिरवून देतो. संगणक-नियंत्रणात त्या चाकांच्या जागी बहुधा स्टेपर मोटारी येतात. स्टेपर मोटार विजेच्या प्रत्येक स्पंदासरशी ठरावीक कोनातून एक पाऊल टाकते. नेहमीच्या वापरातील मोटारीचे पाऊल १.८ अंशांचे असते, म्हणजे एका फेऱ्यात २०० पावले पडतात. मोटारीला वीज पुरवणारा परिपथ, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, त्या प्रत्येक पावलाचे आठ भाग करतो असे धरले आणि एका फेऱ्यात टूलला ५ मिलिमीटर सरकवणारा स्क्रू त्या मोटारीला जोडला, तर एका सूक्ष्म पावलाला टूल सुमारे ०.००३ मिलिमीटर सरकते. कोणत्या वाटेने आणि किती वेगाने जायचे हे जी-कोड या संकेतभाषेत लिहिले जाते, आणि ते वाचून मोटारींना स्पंद पाठवण्याचे काम एखादा जुना घरगुती संगणकही करू शकतो. कारखान्यातील सीएनसी यंत्राचे मूळ तत्त्व हेच आहे. तेथे स्टेपरच्या जागी सर्वो मोटार असते, जी आपण नेमके कोठे पोहोचलो हे नियंत्रकाला सतत कळवत राहते, आणि सारे अंग कित्येक पटींनी जड असते.

या मताच्या मुळाशी एक पूर्वग्रह आहे: खरे यंत्र कारखान्यातून घडून येते आणि जुन्या यंत्राला मागाहून काही जोडणे ही तडजोड असते, असा तो पूर्वग्रह. संख्यात्मक नियंत्रणाचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यातले उद्योजक जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत असत, आणि पात्याच्या वक्र आकाराचे बिंदू गणिताने काढून यंत्राला त्या बिंदूंवर नेण्याची कल्पना त्या कामातून पुढे आली. अमेरिकी हवाई दलाने तिला पैसा पुरवला, आणि १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्वोमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने या तत्त्वावर चालणारे यंत्र जाहीरपणे दाखवले. ते नव्याने घडवलेले नव्हते. सिनसिनाटी कंपनीचे हायड्रोटेल हे तयार मिलिंग यंत्र घेऊन त्याच्या तिन्ही चालींना नियंत्रण बसवलेले होते, आणि आज्ञा भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून निर्वात नळ्यांच्या परिपथांमार्फत त्याला मिळत होत्या. म्हणजे या साऱ्या विद्येचा पहिला नमुनाच रूपांतरित यंत्र होता. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एनआयएसटी या शासकीय मानकसंस्थेत यंत्रनियंत्रणाची एक आज्ञावली लिहिली गेली, ती सर्वांसाठी खुली झाली, आणि आज लिनक्ससीएनसी या नावाने ती कोणालाही विनामूल्य मिळते. लोहाओळीतून पोलाद आणणारा आणि सीताबर्डीतून तारा-स्विच आणणारा नागपूरचा माणूस जे करतो ते याच परंपरेत बसणारे आहे.

अचूकतेचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला सावकाश उत्तर दिले पाहिजे. वर दिलेला ०.००३ मिलिमीटरचा आकडा केवळ भागाकाराचा आहे. टूल खरोखर तेवढे सरकते की नाही हे लेथच्या अंगावर अवलंबून असते. छोट्या लेथच्या क्रॉस स्लाइडला साधा स्क्रू आणि पितळी नट असतो, आणि त्या दोहोंच्या आट्यांत थोडी मोकळीक असतेच. तिला बॅकलॅश म्हणतात, कारागिरांच्या बोलीत प्ले. तो पाहायचा असेल तर चुंबकी स्टँडवरचे डायल गेज बेडवर बसवून त्याचे टोक क्रॉस स्लाइडला टेकवावे, चाक एका दिशेने फिरवत काटा शून्यावर आणावा आणि मग चाक उलटे फिरवावे. चाकावरची रेघ ०.१, ०.१५, कधी ०.२ मिलिमीटर पुढे सरकते तरी गेजचा काटा जागचा हलत नाही. आणि मग एकाएकी निघतो. जॉब गोल असल्यामुळे क्रॉस स्लाइडवरची चूक व्यासावर दुप्पट उतरते, म्हणून येथला ०.१ मिलिमीटरचा प्ले व्यासात ०.२ मिलिमीटरचा फरक पाडू शकतो.

हाताने काम करणारा टर्नर हा दोष सवयीने चुकवतो. टूल नेहमी एकाच बाजूने मापावर आणायचे, जास्त पुढे गेले तर पुष्कळ मागे घेऊन पुन्हा पुढे यायचे, ही शिस्त त्याच्या मनगटात मुरलेली असते, आणि त्यामुळे त्याच्या लेथचा प्ले वर्षानुवर्षे न मोजता राहू शकतो. संगणकाला ही सवय नसते. लेथच्या हँडलसाठी गोल मूठ करायची असे समजा: टूल मुठीच्या टोकाकडून निघते, वक्रावरून मोठ्या व्यासाकडे येते, आणि सर्वांत रुंद जागा ओलांडली की क्रॉस स्लाइडची दिशा उलटते. नेमक्या त्या क्षणी मोटार प्ले भरून काढण्यात काही पावले घालवते, कॅरेज मात्र पुढे चालतच राहते, आणि गोलाच्या मधोमध एक अरुंद सपाट पट्टा उमटतो. बोट फिरवले तरी तो जाणवतो. आज्ञावलीत प्लेचा आकडा भरून संगणकाकडून भरपाई करून घेता येते; पण ती अर्धीच भरपाई असते, कारण टूल कापत असताना धातूचा दाब सैल स्लाइडला त्या मोकळ्या जागेत ढकलू किंवा ओढू शकतो, आणि त्या हालचालीवर संगणकाचा ताबा नसतो. म्हणून रूपांतर करणाऱ्याला यंत्राकडेच वळावे लागते. साध्या स्क्रूच्या जागी बॉल स्क्रू येतो, ज्याच्या नटात पोलादी गोळ्या फिरत असतात आणि मोकळीक अत्यल्प असते. स्लाइडच्या सांध्यातील जिबपट्टीचे स्क्रू एकेक करून आवळावे लागतात, ते असे की स्लाइड डुलू नये आणि अडकूही नये. हेडस्टॉकची, म्हणजे चक फिरवणाऱ्या भागाची, बेअरिंगे तपासावी लागतात.

तेव्हा आक्षेपकांचे म्हणणे असे असते की संगणक बसवल्याने लेथ अचूक होत नाही, आधी लेथ सुधारला पाहिजे. हे म्हणणे खरे आहे, आणि ते रूपांतराच्या बाजूचे आहे. लेथ सुधारणे हा रूपांतराचाच पहिला आणि सर्वांत मोठा भाग आहे. जो तो टाळतो त्याचे रूपांतर फसते आणि त्याची उदाहरणे आक्षेपकांच्या तोंडी राहतात. हातकामाच्या आड जे दोष लपून राहू शकले असते ते संगणक उघड्यावर आणतो आणि दुरुस्त करायला भाग पाडतो. छोटा लेथ वजनाने हलका असल्यामुळे कारखान्यातील यंत्राइतका खोल काप तो कधीच घेऊ शकणार नाही, एवढे मात्र निर्विवाद मान्य केले पाहिजे. मोटारी जोडून ओतीव लोखंडाचे वजन वाढत नाही. परंतु थोड्या खोलीचे अनेक काप न थकता, एकाच गतीने, घेणे हे काम यंत्र माणसापेक्षा चांगले करते, आणि हलक्या लेथवर चांगले काम मिळवण्याची तीच वाट आहे.

आटे पाडण्याच्या कामात रूपांतराचा खरा लाभ दिसतो, आणि आक्षेप घेणारे या मुद्द्याकडे बहुधा येतच नाहीत. आटे पाडताना जॉबचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत टूल बरोबर एका पिचइतके, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधील अंतराइतके, सरकले पाहिजे. हाताच्या लेथवर हा मेळ हेडस्टॉकपासून लीडस्क्रूपर्यंतच्या गेअरांनी साधला जातो, आणि प्रत्येक पिचसाठी ते गेअर बदलावे लागतात. लीडस्क्रू इंची असेल आणि आटे मेट्रिक हवे असतील तर १२७ दातांचा गेअर लागतो, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट १२७. ही संख्या अविभाज्य असल्यामुळे लहान गेअरांनी तिचे काम नेमके भागत नाही, आणि छोट्या लेथच्या संचात एवढा मोठा गेअर पुष्कळदा नसतोच. शिवाय अशा वेळी प्रत्येक काप झाल्यावर हाफ नट, म्हणजे कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा दुभागलेला नट, उघडण्याची सोय राहत नाही. लेथ उलटा फिरवून मागे यावे लागते. विदर्भात इंग्रजी अमदानीतील यंत्रे किंवा त्यांचे वारसदार अजून ठिकठिकाणी चालतात, आणि त्यांच्या जुन्या बोल्टांवर व्हिटवर्थ पद्धतीचे ५५ अंशांचे, इंचातल्या मापाचे आटे असतात. अर्ध्या इंची व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे. त्याच टेबलावर सकाळी तो आणि दुपारी १.५ मिलिमीटर पिचचा एम १० स्टड करायचा असेल, तर हाताच्या छोट्या लेथवर गेअर उतरवण्या-चढवण्यातच बराच वेळ जातो.

संगणक-नियंत्रित लेथवर हा मेळ एन्कोडरने साधतो. एन्कोडर म्हणजे चकच्या दांड्याबरोबर फिरणारी, खाचा पाडलेली तबकडी आणि त्या खाचा मोजणारा संवेदक. तिच्यावरची एक खाच वेगळी असते आणि ती प्रत्येक फेऱ्याचा आरंभ दाखवते. नियंत्रक त्या खाचेची वाट पाहतो आणि मगच टूल सोडतो, म्हणून प्रत्येक काप आट्याच्या त्याच घळीत उतरतो. पुढेही कॅरेज घड्याळाच्या हिशेबाने चालत नाही, चक प्रत्यक्षात जसा फिरेल तशी चालते. धातूच्या दाबाने चक जरा मंदावला तर कॅरेजही तेवढीच मंदावते आणि पिच बिघडत नाही. पिच बदलायचा म्हणजे आज्ञावलीतला एक आकडा बदलायचा. ३०० फेऱ्यांच्या वेगाने १.५ मिलिमीटरचा आटा पाडताना कॅरेज मिनिटाला ४५० मिलिमीटर जाते, आणि ५ मिलिमीटरच्या स्क्रूवर मोटारीला त्यासाठी मिनिटाला अवघे ९० फेरे घ्यावे लागतात. ही गती साध्या स्टेपरच्याही आवाक्यातली आहे. स्वस्त म्हणून लोकप्रिय झालेल्या काही नियंत्रकांत ही सोय नसते. आर्डुइनो फलकावर चालणारी जीआरबीएल ही आज्ञावली मिलिंगसाठी उत्तम आहे, पण तिच्या मूळ रूपात चक कोठे आहे हे तिला कळत नाही, आणि त्यामुळे तिच्यावर चालणारा लेथ आटे पाडू शकत नाही. ज्या रूपांतरात एन्कोडर नाही ते अर्धवट रूपांतर आहे, मग त्याच्या वाटोळ्या मुठी कितीही सुबक निघोत.

एकच बुश हवा असेल तर हाताचा लेथ लवकर काम उरकतो, हे सरळ मान्य करून पुढे जावे. आज्ञावली लिहायला, टूलचे शून्य ठरवायला वेळ लागतोच. परंतु तोच बुश वीस वेळा हवा असेल, किंवा त्यावर टॅपर, म्हणजे निमुळता उतार, आणि वक्र असेल, तर तुलना उलटते. बॉल स्क्रू बसवल्यावर हाताने काम करण्याची सोय जाते अशीही तक्रार असते, आणि तिच्यात तथ्य आहे, कारण बॉल स्क्रूला घर्षण इतके कमी असते की मोटारीने धरून ठेवले नाही तर स्लाइड दाबाने आपोआप मागे सरकू शकते. यावर उपाय म्हणून हातात धरायचे विद्युत्-चाक मिळते: त्याच्या एका फेऱ्यात १०० टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला टूल ०.०१ मिलिमीटर सरकेल असे ठरवता येते. टर्नरला चाकावर जाणवणारा धातूचा प्रतिकार त्यातून मिळत नाही. ती खरी उणीव आहे आणि तिच्यावर आजमितीस घरगुती उपाय नाही.

नागपूरच्या हवेचा आक्षेप स्थानिक आहे आणि म्हणून तो अधिक काळजीने पाहिला पाहिजे. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांवर जातो, टिनाच्या शेडमध्ये त्याहून वर; आणि मापनशास्त्रात लांबीचे प्रमाण तापमान २० अंश धरलेले आहे. पोलादाचा मीटरभर दांडा एका अंशाला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतो, म्हणजे ५० मिलिमीटर लांबीचा जॉब २० अंशांच्या फरकाने सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतो. यावरून नागपुरात उन्हाळ्यात अचूक काम होऊच शकत नाही असा निष्कर्ष काढला जातो. पण पोलादी जॉब, पोलादी स्क्रू आणि पोलादी मायक्रोमीटर एकाच खोलीत, एकाच तापमानाला असतील तर तिन्ही जवळजवळ सारखेच वाढतात आणि फरक आपोआप मिटतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट वाढते, तेथे मात्र हिशेब करावा लागतो. ही अडचण हाताच्या लेथलाही तंतोतंत लागू आहे. ती संगणकाने आणलेली नाही. उन्हाळ्याचा खरा उपद्रव निराळा आहे. खोली थंड ठेवण्यासाठी लावलेला वाळ्याचा कूलर दिवसभर दमट हवा फेकतो, आणि लेथचा बेड त्या झोतात असेल तर तेल पुसलेल्या जागी एका रात्रीत गंजाचे ठिपके उमटतात. म्हणून कूलरचा झोत माणसाकडे हवा, यंत्राकडे नको, आणि काम संपल्यावर बेडला तेलाचा हात फिरलाच पाहिजे. ड्रायव्हर आणि त्यांचा वीजपुरवठा धुळीच्या भीतीने हवाबंद पेटीत कोंडले तर तेच आधी जळतात. त्यांना गाळणी लावलेला पंखा लागतो. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला तर चकच्या मोटारीतून उठणारा विद्युत् गोंगाट एन्कोडरच्या तारेत शिरतो, नियंत्रकाला नसलेले फेरे दिसू लागतात आणि आटा मध्येच बिघडतो; खड्ड्यात पाणी घालणे आणि एन्कोडरची तार जाळीवेष्टित घेणे, एवढ्याने ते बहुतांशी थांबते. आणीबाणीचे लाल बटण मात्र संगणकाच्या आज्ञेवर अवलंबून न ठेवता मोटारींची वीजच थेट तोडणारे असले पाहिजे. या साऱ्या गोष्टी शिकता येण्याजोग्या आहेत आणि नागपूरच्या हवेत काम करणाऱ्याने त्या शिकल्याच पाहिजेत, मग त्याचे यंत्र चाळीस किलोचे असो वा चार टनांचे.

हातची कला नष्ट होते हा आक्षेप भावनेचा म्हणून बाजूला सारता येणार नाही. त्याला इतिहासाचा आधार आहे. डेव्हिड नोबल या अमेरिकी इतिहासकाराने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात दाखवले आहे की संख्यात्मक नियंत्रणाला एक पर्याय त्याच काळात उपलब्ध होता: कुशल कारागिराने एकदा हाताने काम करायचे, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या आणि यंत्राने त्या पुन्हा करायच्या. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने तसे यंत्र केलेही होते. ते मागे पडले आणि संख्यात्मक नियंत्रण पुढे आले, यामागे तांत्रिक गुणांइतकीच व्यवस्थापनाची एक इच्छाही होती, असे नोबल यांचे प्रतिपादन आहे: कामाचे ज्ञान यंत्रशाळेतून काढून कार्यालयात न्यावे ही ती इच्छा. आज्ञावली लिहिणारा एक, यंत्रापुढे उभा राहणारा दुसरा, ही विभागणी तेथून रूढ झाली. आजही अनेक कारखान्यांत सीएनसीवर काम करणाऱ्या तरुणाला आज्ञावलीला हात लावण्याची मुभा नसते. जॉब चढवायचा, बटण दाबायचे, जॉब उतरवायचा, माप घ्यायचे. दोन वर्षांचा टर्नरचा अभ्यासक्रम पूर्ण करून आलेला मुलगा तेथे वर्षभरात आपली विद्या विसरू लागतो.

कला जाते ती येथे, या विभागणीत. आणि घरच्या रूपांतरित लेथवर नेमकी हीच विभागणी नसते. धातू ओळखणारा, टूलला धार लावणारा, आज्ञावली लिहिणारा आणि काप बिघडला की कारण शोधणारा, हे सारे एकच माणूस असतो. टूल किंचाळले तर वेग कमी करायचा की कापाची खोली, हे त्याला कानाने कळते आणि तो लगेच आकडा बदलून पाहतो. पृष्ठभागावर लाटा उमटल्या तर त्या बेअरिंगच्या, जिबच्या की फार पुढे निघालेल्या टूलच्या, याचा छडा त्यालाच लावावा लागतो, कारण बोलावायला दुसरे कोणी नसते. आक्षेपकांना हातच्या कलेची जी काळजी आहे ती रास्त आहे, परंतु ती वाहायची तर विरोध बंद कपाटातल्या नियंत्रकाला आणि बटण दाबण्यापुरत्या उरलेल्या नोकरीला केला पाहिजे. छोट्या लेथला विरोध करून ती कला वाचत नाही. ती जेथे अजून अखंड राहू शकते अशा मोजक्या जागांपैकी एक मात्र बंद होते.

शिक्षणाच्या बाजूनेही हा मार्ग अपरिचित नाही. ऑस्ट्रियाच्या एमको कंपनीचा कॉम्पॅक्ट ५ हा छंदिष्टांच्या टेबलावरचा लेथ १९८० च्या दशकात संगणक-नियंत्रित रूपात तयार झाला आणि शाळा-तंत्रशाळांत पुष्कळ पोहोचला, कारण विद्यार्थ्याची चूक झाली तर छोट्या यंत्रावर तिची किंमत थोडी पडते. महाराष्ट्रात याहून जवळचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळचे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला, हाताने काम करता करता शिकण्याची पद्धत ग्रामीण मुलांपुढे ठेवली, आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या फॅबलॅब उपक्रमातील अमेरिकेबाहेरच्या आरंभीच्या प्रयोगशाळांपैकी एक २००२ मध्ये तेथेच उभी राहिली. पाबळसारख्या गावाला जे जमले ते नागपूरला जड जाऊ नये. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली तेव्हा जमशेटजी टाटांनी तिचा कारभार रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेल्या बेझनजी मेहता यांच्या हाती दिला होता, आणि पुढे लँकेशायरचे गिरणीवाले जुन्या पद्धतीला धरून असताना याच गिरणीत रिंग स्पिंडल या सूतकताईच्या नव्या साधनाची चाचणी झाली. बाहेरून तयार आणायचे आणि आपण फक्त चालवायचे ही या शहराची मूळ वृत्ती नव्हे.

मग आजची स्थिती काय आहे? अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाजारातून तयार विकत घेण्याची वाईट प्रथा अनेक ठिकाणी पडली आहे, आणि अशा प्रकल्पांत सीएनसीचे नाव असलेली खेळणी वारंवार दिसतात, ज्यांनी कधी पोलादाला स्पर्श केलेला नसतो. त्यांना यंत्र म्हणता येणार नाही, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून खऱ्या रूपांतराला नावे ठेवणेही योग्य नाही. खऱ्या रूपांतराची परीक्षा सोपी आहे: तयार झालेल्या लेथवर वीस मिलिमीटर व्यासाचा पोलादी दांडा घ्यावा, त्याला टॅपर द्यावा, त्यावर आटे पाडावेत, बाजारातला नट त्यावर हाताने पूर्ण चढतो का पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच आज्ञावलीवर दुसरा दांडा करून दोन्हींची मापे ताडावीत. हे ज्याला जमले त्याला कारखान्यातील कोणतेही सीएनसी यंत्र परके वाटत नाही.

शासकीय आणि खाजगी संस्थांच्या यंत्रशाळांत जुने लेथ निर्लेखित होतात, म्हणजे हिशेबातून काढून टाकले जातात, आणि भंगाराच्या भावाने लिलावात निघतात. त्यांतले अनेक छोट्या बाजारू लेथपेक्षा जड, भक्कम आणि थोड्या दुरुस्तीने सरळ होण्याजोगे असतात. नागपुरातील तंत्रनिकेतनांनी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी दरवर्षी यांपैकी एक तरी लेथ लिलावातून वगळून टर्नरचे विद्यार्थी आणि इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी यांच्या मिश्र गटाकडे सोपवावा, वर्षभराचे काम म्हणून त्याला गुण द्यावेत, आणि पहिल्या दिवशी त्यांच्या हाती संगणक न देता डायल गेज देऊन क्रॉस स्लाइडचा प्ले मोजून वहीत लिहायला सांगावे.